जुन्या शहरात दोन मीटर चांगला की सत्तर सेंटिमीटर?

हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा पास झालेली पोरं माझ्याकडे येतात ती एकच प्रश्न घेऊन. "काका, व्हीएचएफचा सेट घेऊ की यूएचएफचा?" मी उलटं विचारतो, राहतोस कुठं आणि बोलायचंय कुणाशी? गुलमंडीतल्या माडीवरून शहागंजशी बोलायचं असेल तर एक उत्तर, शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगरावरून पैठणशी बोलायचं असेल तर दुसरं. लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये सतरा वर्षं काढली, आता छत्रपती संभाजीनगरात गच्चीवर एरियल लावून बसलोय. तेव्हा सांगतो ते अनुभवाचं, हिशेबाला धरून.

आपल्याकडे हौशी रेडिओला व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळतात. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. म्हणजे पहिली दोन मीटरची, दुसरी साधारण सत्तर सेंटिमीटरची. पुढचं बरंचसं या दोन आकड्यांवरूनच ठरतं.

कागदावर व्हीएचएफ सरळ जिंकतो. दोन्हीकडे सारख्याच जातीचे एरियल धरले, तर १४५ च्या तुलनेत ४३५ वर पोचणारी ताकद नवव्या हिश्श्यावर येते. शिवाय लांब लहर गच्चीच्या कठड्यावरून, टेकडीच्या माथ्यावरून जास्त वाकून खाली उतरते. पण हातातल्या सेटवर हा फायदा बराचसा विरघळतो. दोन मीटरला लहरीच्या चौथाईचा एरियल हवा, म्हणजे अर्धा मीटर. सेटबरोबर येतो तो वीतभर रबरी दांडा. तो व्हीएचएफला तोकडाच पडतो, यूएचएफला मात्र सतरा सेंटिमीटर पुरतात. दुकानदार हे सांगत नाही. त्याला पाच वॅटचं कौतुक जास्त.

आता गल्लीत उतरू. सिटी चौकातून आत शिरलं की समोरचा माणूस दिसत नाही, तरी आवाज येतो. लहर थेट आलेलीच नसते. ती भिंतींवर आपटत, चौकाच्या कोपऱ्यावर वळत, रस्त्याच्या लांबीने वाहत येते. लांब-सरळ रस्त्यावर सिग्नल दूरपर्यंत टिकतो आणि पहिल्याच आडव्या बोळात धाडकन पडतो तो त्यामुळे. जपानमध्ये ओकुमुरा या अभियंत्यांनी टोकियोत मोजमापं घेऊन १९६८ मध्ये ती मांडली, मासाहारू हाता या दुसऱ्या अभियंत्यांनी १९८० मध्ये त्यांची सूत्रं केली. त्या सूत्रात तीस मीटर उंचीचा एरियल धरला, तर शहरात अंतर दुप्पट झाल्यावर ताकद अकरा-बारा पटींनी घटते. मोकळ्या आकाशात ती चौपटच घटली असती. म्हणून डब्यावर "दहा किलोमीटर" लिहिलेलं असलं, तरी ते दहा किलोमीटर गुलमंडीतले नसतात.

अनेक वाटांनी आलेल्या लहरी कुठं एकमेकींना जोर देतात, कुठं मारतात. ही मेलेली जागा साधारण अर्ध्या लहरीनंतर पुन्हा येते. व्हीएचएफवर आवाज तुटला तर एखादं पाऊल सरका, यूएचएफवर वीतभर सरकलं तरी फरक पडतो. नवीन पोरं हे न करता नुसती ओरडतात.

इमारतीच्या आत मात्र माझं मत यूएचएफला. आरसीसीच्या भिंतीत लोखंडी सळयांची जाळी असते. छोटी लहर खिडकी, दार, जिन्याच्या पोकळीतून सहज आत शिरते, मोठीला तीच फट अपुरी पडते. बोगद्याचंही तसंच. सरळ बोगद्यात यूएचएफ पुढे जातो, देवगिरीच्या अंधारीसारखी वळणं असतील तर दोन्ही हरतात. जुन्या माळवदाच्या घरांचा हिशेब निराळा. मातीचा जाड थर कोरडा असला तर निभतं, पावसाळ्यात भिजला की लहर गिळतो. पत्र्याच्या शेडमध्ये बसून संपर्क शोधत असाल तर आधी दारात या.

गोंगाट हा आणखी एक मुद्दा. घराघरात इन्व्हर्टर, एलईडी दिवे, स्वस्तातले चार्जर. त्यांची घरघर जितकं खाली जाल तितकी जास्त, म्हणून इथंही यूएचएफ जरा शांत. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, तर संध्याकाळी कधी कधी शेजाऱ्याचा इन्व्हर्टरच ऐकू येतो!

फौजेचं काय, असं हमखास विचारतात. जगभरातल्या फौजांचे पायदळी सेट बहुतेक ३० ते ८८ मेगाहर्ट्झवर चालतात. लहर साडेतीन ते दहा मीटर, झाडी आणि चढउतार चांगले ओलांडते. शहरात तिचा एरियल लांब आणि नजरेत भरणारा. १९९४ च्या अखेरीस ग्रोझ्नीत शिरलेल्या रशियन तुकड्यांना उंच इमारतींनी संपर्क तोडल्याचा अनुभव आला, आणि एरियलवाला शिपाई चेचेन नेमबाजांचं आवडतं लक्ष्य ठरला. त्याआधी सप्टेंबर १९४४ मध्ये आर्न्हेमला उतरलेल्या ब्रिटिश हवाई सैनिकांचे सेट झाडी आणि घरांमध्ये जवळजवळ मुके झाले होते. फौज यातून एक बँड निवडायला शिकली नाही. ती उंच जागी मध्यस्थ सेट ठेवायला शिकली. आपल्या भाषेत रिपीटर.

लातूरशी, धाराशिवशी बोलायचं असेल तर या दोन्ही बँडचा नाद सोडा. सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून लांबचं ते काम एचएफचं, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लांब लहरींचं. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर, रात्री ३.५ वर, जमिनीपासून फार उंच नसलेली तार लावली की लहर सरळ वर जाऊन आयनमंडलातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परत मराठवाडाभर पडते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना तारा तुटल्यावर आवाज पोचणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पण चाळीस मीटर बँडच्या तारेला वीस मीटर जागा लागते. शहागंजच्या गच्चीवर ती मिळेल का, ते आधी पायांनी मोजून घ्या.

तर ठरवताना असं पाहा. जुन्या शहरातच फिरून, इमारतींत शिरून बोलायचं असेल तर यूएचएफ. घर उंचावर असेल, गच्चीवर एरियल लावता येत असेल आणि वाळूज-चिकलठाण्यापलीकडे जायचं असेल तर व्हीएचएफ. हल्ली दोन्ही बँडचे सेट स्वस्तात मिळतात, म्हणून मी बहुतेकांना तोच घ्यायला सांगतो. उरलेले पैसे मात्र महागड्या सेटवर नको, गच्चीवरच्या एरियलवर आणि चांगल्या केबलवर घाला. सपाट जमिनीच्या हिशेबात एरियल दुप्पट उंच केला की पलीकडे सुमारे चौपट ताकद पोचते. तेवढ्यासाठी पाच वॅटचे वीस वॅट करावे लागतील. केबलचा विचार यूएचएफवाल्यांनी विशेष करावा, पातळ केबल त्या बँडला जास्त खाते.

परवाना नसेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट बिनपरवाना चालतात. बाकी कुठलाही सेट ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून मागवू नका. आणि घेण्याआधी एखाद्या परवानाधारक मित्राचा सेट मागून आणा, त्यालाच बोलू द्या, आणि एक संध्याकाळ पैठण गेटपासून दिल्ली गेटपर्यंत चालत जा. कुठं आवाज तुटतो ते वहीत मांडा.