बँकॉक ते टोकियो: थेट विमान घ्यावं की वाटेत थांबावं?

बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ ते टोकियोचा नारिता विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ४,६५० किलोमीटर आहे. टोकियोचाच दुसरा विमानतळ हानेदा पन्नासेक किलोमीटरने जवळ. अंतर जाता-येता तेच असलं, तरी थेट विमानाला जाताना पावणेसहा तासांच्या आसपास लागतात आणि परतताना साडेसहा ते सात. जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जाताना विमानाला ढकलतो, येताना अडवतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त, त्यामुळे जानेवारीत हा फरक ऑगस्टपेक्षा ठळक जाणवतो.

तिकिटावर मात्र चित्र नेमकं उलटं दिसतं, कारण दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि टोकियोचं घड्याळ २ तास पुढे आहे. बँकॉकहून रात्री ११.३० ला निघून सकाळी ७.१५ ला उतरलात, तर प्रवास पावणेआठ तासांचा वाटतो. खरा झाला पावणेसहा तास. टोकियोहून सकाळी १० ला निघून दुपारी ३ ला उतरलात, तर पाचच तास वाटतात. खरे गेले सात.

थांबा घ्यायचाच असेल, तर कुठे हे महत्त्वाचं. तैपेई आणि हाँगकाँग जवळजवळ सरळ रेषेवरच आहेत. तैपेईमार्गे दोन टप्पे सुमारे २,४८० आणि २,१८० किलोमीटरचे, म्हणजे अंतरात जवळपास काहीच वाढ नाही. थांबा २ तासांचा धरला, तरी जाताना पावणेनऊ तासांत पोहोचता येतं. सिंगापूरमार्गे मात्र आधी दक्षिणेला १,४०० किलोमीटर उलटं जायचं, मग ५,३५० किलोमीटर वर यायचं. तिकीट बऱ्यापैकी स्वस्त असल्याशिवाय ते परवडत नाही. दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढू नका. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर भुर्दंड तुमच्यावर. शिवाय सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं, तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि कदाचित व्हिसाही लागतो.

भाड्यात फार फरक नसेल, तर आमचं मत सरळ हानेदाला. तिथून टोकियोतलं शिनागावा स्टेशन रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब. टोकियो स्टेशनपर्यंत नारिता एक्स्प्रेसलाही तासभर लागतो. टोकियोच्या निप्पोरी-उएनो भागाकडे राहणार असाल, तर स्कायलायनर ही रेल्वे निप्पोरीला चाळीसेक मिनिटांत सोडते, मग नारिताही चालेल. एक अपवाद: हानेदाला मध्यरात्रीनंतर उतरणारं विमान. तोवर रेल्वे बंद झालेली असते आणि मग टॅक्सी, तुरळक बस किंवा पहाटे पाचनंतरची पहिली गाडी एवढेच पर्याय उरतात. सकाळी सहा-सातला पोहोचणारं विमान त्याहून कितीतरी सोयीचं.

बँकॉकच्या बाजूला तिकिटावरचा कोड नीट बघा. बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन मुआंग. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत, आणि चुकीच्या विमानतळावर पोहोचलात, तर ट्रॅफिकमध्ये दुसरीकडे जाईपर्यंत काउंटर बंद होतो.