पन्नासची लेन्स, नऊ महिने आणि सासूबाईंचं नाक

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ५० एमएमची एक वापरलेली लेन्स साडेपाच हजारांना घेतली. एफ १.८ वाली (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त उजेड आत घेते), प्लास्टिकची, वजन १६० ग्रॅम. हातात घेतली की मसाल्याची रिकामी डबी घेतल्यासारखं वाटतं. कॅमेरा आठ वर्षांचा जुना, छोट्या सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा तुकडा लहान असलेला. त्याच्याबरोबर आलेली, १८ ते ५५ एमएम झूम होणारी किट लेन्स घरात होतीच. तरी ही घेतली, कारण १ जानेवारीपासून रोज एक फोटो काढायचा असं मी जाहीर केलं होतं आणि नवऱ्याच्या तोंडून "तू? रोज?" एवढंच निघालं होतं.

नियम माझे मीच केले. त्या दिवसाचा फोटो त्याच दिवशी, रात्री बाराच्या आत. वर्षभर हीच लेन्स. मोबाइल चालणार नाही. आणि वहीत तारखेपुढे एक ओळ, आज काय वाचलं किंवा पाहिलं त्याची. हे शेवटचं कलम मुद्दाम घातलं, कारण माझं मूळ वेड पुस्तकांचं आणि सिनेमांचं. कॅमेरा हा त्या घरात उशिरा आलेला पाहुणा.

सप्टेंबर संपला. २७३ दिवसांत २४१ फोटो झाले. बुडालेल्या ३२ पैकी ११ दिवस एकट्या मार्चचे. मी बँकेत आहे. मार्चमध्ये आम्हाला आमचंच तोंड आरशात दिसत नाही, फोटो कुठला.

तक्रार आधी सांगून मोकळी होते. ही लेन्स घरात अडते. पन्नास हा आकडा फसवा आहे. फिल्मच्या ३५ एमएम कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स म्हणजे 'नॉर्मल' लेन्स, फार रुंदही नाही आणि फार अरुंदही नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचं बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर पन्नास लावून केलं, हे वाचून मी भारावले आणि पैसे मोजले. माझा सेन्सर लहान आहे हे तेव्हा डोक्यात नव्हतं. त्याच्यावर या लेन्सचा कोन ८० एमएमच्या लेन्सइतका अरुंद होतो. म्हणजे ब्रेसाँ जिथून फोटो काढतील तिथून मला तीन पावलं मागे जायला हवं, आणि ठाण्यातल्या वन बीएचकेत तीन पावलं मागे म्हणजे फ्रिज. जानेवारीतल्या निम्म्या फोटोंत माझी पाठ फ्रिजच्या दाराला टेकलेली आहे, फोटोत ते दिसत नाही इतकंच.

गणपतीत तर फजितीच झाली. सतरा माणसं जमली होती, सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. दार उघडं ठेवून मी जिन्यात गेले, शेजाऱ्यांच्या चपलांवर उभी राहिले, तरी दोन मामेसासरे चौकटीबाहेर. शेवटी भाच्याने मोबाइल काढला आणि दोन सेकंदांत काम उरकलं. मी हातात कॅमेरा घेऊन जिन्यात. तुम्हाला घरातली कार्यं, सहली, सगळे एकत्र असे फोटो काढायचे असतील तर ही लेन्स घेऊ नका. २४ किंवा ३५ एमएमची बघा, त्यांच्यात जास्त रुंद दृश्य मावतं. यूट्यूबवर सगळे 'पहिली लेन्स पन्नासचीच' म्हणतात, पण म्हणणाऱ्यांच्या खोल्या मोठ्या दिसतात.

त्याच संध्याकाळी आरतीला मात्र या लेन्सने वचपा काढला. दिवे मालवले, निरांजन आणि दोन समया एवढाच उजेड. किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. १.८ आणि ५.६ यांच्यात जवळजवळ दहापट उजेडाचा फरक आहे. हे दहापट प्रकरण कागदावर नुसता हिशोब वाटतं. तबक ओवाळणाऱ्या नणंदेच्या हनुवटीवर खालून आलेला पिवळा उजेड, मागे काळोखात विरलेले चेहरे आणि तरीही न हललेला फोटो बघितल्यावर ते कळलं. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तीव्रतेने टिपतो तो आकडा) १६००, शटर १/१०० सेकंद. फ्लॅश मारला असता तर निरांजनाची ज्योत असून नसल्यासारखी झाली असती.

आता नाकाबद्दल. फेब्रुवारीत सासूबाईंचा जवळून फोटो काढला, लेन्स पूर्ण उघडी ठेवून. त्या खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. फोटो दाखवला तर चष्मा वर-खाली करून म्हणाल्या, "अगं, डोळे छान आलेत, पण माझं नाक कुठं गेलं?" खरंच गेलं होतं. दोन फुटांवरून एफ १.८ ला स्पष्ट भाग जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा असतो. पापणीवर फोकस केला की नाकाचा शेंडा धुरकट. सुरुवातीला तो धुरकटपणाच मला कला वाटायचा. पहिल्या दोन महिन्यांच्या फोटोंत पाहावं तिकडे एक वस्तू लख्ख आणि बाकी सगळा मावा. पुढे कंटाळा आला. हल्ली २.८ किंवा ४ वर ठेवते. सासूबाईंचं नाक परत आलंय आणि लेन्सही तिथे जास्त कोरीव चित्र देते. पूर्ण उघडी असताना स्टीलच्या भांड्यांच्या चकाकत्या कडांना जांभळी रेघ येते, तीही ४ वर दिसेनाशी होते.

फ्रिजचा प्रश्न सुटला तो फोटोग्राफीच्या कुठल्या व्हिडिओमुळे नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी यासुजिरो ओझू यांचा एक सिनेमा लावला होता. हा जपानी दिग्दर्शक जवळजवळ सगळं ५० एमएमच्या लेन्सनेच चित्रित करायचा, कॅमेरा जमिनीलगत ठेवून, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली. हे मला पूर्वी माहीत होतं. पण 'त्यांचं पन्नास वेगळं, माझं वेगळं' असं धरून मी चालले होते. मग सहज आकडे जुळवून बघितले. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी धावते, म्हणून तिची चौकट फोटोच्या चौकटीपेक्षा बरीच लहान, साधारण २२ बाय १६ मिलिमीटर. माझा सेन्सर २२ बाय १५. अरे, म्हणजे ओझूंचं पन्नास ते माझंच पन्नास! ब्रेसाँचं नव्हे.

सिनेमा मागे नेऊन पुन्हा पाहिला. त्यांची घरंही काही राजवाडे नाहीत. पण ते त्या खोलीत उभेच राहत नाहीत. अलीकडच्या खोलीत बसतात आणि दारातून पलीकडची खोली बघतात. मध्ये चौकट, सरकती दारं, कुणीतरी आडवं निघून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत फरशीवर बसकण मारली आणि स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंना टिपलं. दाराची चौकट दोन्ही बाजूंना, वर तोरणाच्या सुकलेल्या पानांचं टोक, आत ओट्याशी त्या, गॅसवरचं दूध वर येतंय की काय ते बघत. नऊ महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता फोटो हाच आहे. तेव्हापासून मी घरभर फरशीवर बसलेली सापडते. कामवाल्या मावशी लादी पुसताना, "ताई, उठा जरा, तुमचं बुड सोडून सगळं पुसलं," म्हणाल्या ते वहीतही लिहून ठेवलंय.

शहराचे फोटो काढायचे असं मूळ डोक्यात होतं. तलावपाळी, जांभळी नाक्याचा बाजार, स्टेशनाबाहेरची गर्दी. वही चाळली तर २४१ पैकी १६८ फोटो घरातले निघाले. याला लेन्सही कारण आहे. तिला एक-दीड मीटरवरच्या गोष्टी आवडतात, आणि माझ्या एक-दीड मीटरवर घरच असतं. पण ३५ सेंटिमीटरच्या आत ती काही बघायला तयार नसते. मुंगी, फुलाचं केसर, अंगठीचा खडा यांच्या नादाला लागू नये.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपलं होतं. 'अंकुराची वाढ'. सिनेमासाठी पैसे उभे करायला हीच छोटी फीत त्यांनी लोकांना दाखवली. मी जूनमध्ये त्यांची नक्कल केली. वाटाण्याऐवजी वाल, कुंडीऐवजी काचेचा पेला आणि ओला कापूस, स्वयंपाकघराच्या खिडकीत. रोज सकाळी सव्वासातला, त्याच टाइलवरून, त्याच उंचीवरून. पहिले दोन दिवस वाल नुसता फुगला. तिसऱ्या दिवशी पांढरा कोंब. पाचव्या दिवशी त्याने सालाची टोपी तिरकी केली. आठव्या दिवशी पेला रिकामा. सासूबाईंनी बिरड्यासाठी भिजवलेल्या वालात तोही सोलून टाकला होता. "पाच-सहाच दाणे होते गं, वाया कशाला?" फाळक्यांनी महिनाभर घरच्यांपासून ती कुंडी कशी जपली असेल, हा प्रश्न मला पडला आहे.

पुस्तकांच्या बाबतीत हिशोब तोट्याचा आहे, ते लपवत नाही. गेल्या वर्षी ३८ पुस्तकं वाचली होती, यंदा सप्टेंबरअखेर १७. रात्रीचा जो तास वाचनाचा होता त्यातला अर्धा 'आजचा फोटो राहिला' यात जातो. वाईट म्हणजे काही दिवस पुस्तक वाचायला न घेता फोटोसाठी घेतलं: उघडं पान, शेजारी चहाचा कप, चष्मा. असले फोटो मी मे महिन्यात बंद केले. स्वतःचीच लाज वाटली.

पण वाचनालयाच्या पुस्तकातला एक फोटो या लेन्सशिवाय झाला नसता. एका जुन्या प्रवासवर्णनाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. १९८१, १९८२, १९८२, १९८४... शिक्के दाटीवाटीने, काही तिरके, एक उलटा. मग १९९७. त्यानंतर थेट माझी तारीख. टेबललॅम्प आडवा ठेवला, कागदाच्या सुरकुत्यांच्या सावल्या पडल्या, आणि फोकस १९९७ वर आणला. वरचे शिक्के हळूहळू धूसर होत जातात, खाली माझा शिक्काही धूसर. त्या रात्री फोटो काढून झाल्यावर पुस्तकही बसून संपवलं, दीड वाजेपर्यंत. सत्त्याण्णवमध्ये ज्याने कुणी नेलं होतं त्याने पान ११२ वर पेन्सिलीने 'खोटं!' असं लिहिलंय. मला ते पान खरं वाटलं.

पावसाळ्याबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही, कारण ठाण्यात लेन्स वापरणं म्हणजे चार महिने बुरशीशी भांडण. ही लेन्स रोज वापरात होती आणि रात्री हवाबंद डब्यात, म्हणून वाचली. डबा पोह्यांचा. तो कुठे गेला हे घरात अजून विचारलं जातं. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि तीनशे रुपयांचा एक आर्द्रतामापक; काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की पुरे. सिलिका केशरी रंगाची घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं मीठ असतं, घरात ते नको. केशरी दाणे ओल शोषून हिरवट झाले की मी एका बाद कढईत मंद आचेवर परतते, पुन्हा केशरी होतात. ती कढई स्वयंपाकाला पुन्हा वापरायची नाही, हे वर सुतळी बांधून जाहीर केलंय.

आणि ज्या किट लेन्सला मी जानेवारीत कपाटातल्या कापडी पिशवीत टाकलं, ती जुलैत काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून मी लेन्स परत पिशवीत घातली. म्हणजे 'वर्षभर हीच लेन्स' हा नियम आता मोडायची सोयही उरली नाही.

किरकोळ कुरबुरी आणखी आहेत. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, पुढे-मागे जातो आणि तेवढ्यात माणूस उठून जातं. फोकस करताना बारीक घर्र आवाज येतो; फोटोला काही नाही, व्हिडिओत ऐकू येतो. हलणं सावरणारी यंत्रणा यात नाही, त्यामुळे शटर १/८० च्या खाली नेलं की माझा हात पकडला जातो. विकणाऱ्याने हूड (लेन्सच्या तोंडावर आडवा उजेड अडवायला लावायची कड) दिलं नाही आणि मी मागितलं नाही, ही चूक माझी.

साडेपाच हजार वसूल झाले का, असं नवऱ्याने परवा विचारलं. गेल्या वर्षी एवढेच पैसे आम्ही एका रविवारी मॉलमध्ये घालवले होते, त्यातलं आता मला पॉपकॉर्नसुद्धा आठवत नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, पॉपकॉर्न चीजचे होते.

पुढच्या महिन्यात वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना सुरू होते. मी दरवर्षी तीस-पस्तीस अंक वाचते आणि यंदाही वाचणार. तेव्हा फोटो बुडाले तर बुडाले. आजचा मात्र अजून व्हायचा आहे. सव्वाअकरा झालेत, सासूबाई झोपल्या आहेत, स्वयंपाकघरात ओट्यावरचा एवढासा दिवा चालू आहे आणि त्याखाली पातेल्यात उद्याचे वाल भिजत पडलेत.