यीस्टमधून माणसाची गॅलॅक्टोज-जनुकं ओळखण्याचं किट: सोलापूरच्या लॅबला परवडेल का?

बी.एस्सी.-एम.एस्सी. बायोटेकच्या प्रॅक्टिकलसाठी हे किट कुरियरने मिळतं. कल्पना साधी: गॅलॅक्टोज (दुधातल्या साखरेचा एक घटक) वापरायला लागणारं यीस्टचं जनुक काढायचं, त्याजागी माणसाचं घालायचं आणि गॅलॅक्टोजवर वाढ परत येते का पाहायचं. डब्यात यीस्टचे तीन स्लँट (तिरप्या माध्यमावर यीस्ट वाढवलेल्या नळ्या) असतात: एकात गॅल-१, दुसऱ्यात गॅल-७, तिसऱ्यात गॅल-१० हे जनुक काढून टाकलेलं. सोबत माणसाचे सीडीएनए (जनुकाची इंट्रॉन नसलेली प्रत) घातलेली प्लास्मिडं (डीएनएची छोटी वर्तुळं): गॅल-१ च्या जागी जीएएलके-१ आणि जीएएलके-२, गॅल-७ च्या जागी जीएएलटी आणि त्याचंच क्यू१८८आर हे बिघडलेलं रूप, गॅल-१० च्या जागी जीएएलई, आणि तुलनेसाठी एक रिकामं. सीडीएनए दिलाय हे योग्यच, कारण माणसाच्या मूळ जनुकातले इंट्रॉन (मधले, कापून टाकायचे तुकडे) यीस्टला नीट कापता येत नाहीत.

ट्रान्सफॉर्मेशनची, म्हणजे यीस्टमध्ये प्लास्मिड घालण्याची, कृती चोख आहे. पेशींच्या गोळीवर ५० टक्के पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) २४० मायक्रोलिटर, एक मोलर लिथियम ॲसिटेट ३६, उकळून बर्फात ठेवलेला कॅरिअर डीएनए ५०, प्लास्मिड आणि पाणी मिळून ३४. मग ४२ अंशांवर ४० मिनिटं. (मे महिन्यात इथे बाहेर तेवढंच तापमान असतं, तरी वॉटर बाथच वापरा.) पीईजीच्या बाटलीचं झाकण मात्र घट्ट हवं. कोरड्या हवेत पाणी उडून द्रावण दाट होतं आणि कॉलन्या झपाट्याने घटतात. पुस्तिकेत याचा उल्लेखच नाही.

खरी अडचण इन्क्युबेटरची. यीस्टला ३० अंश लागतात. नुसता तापवणारा इन्क्युबेटर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे मार्च ते जून त्यात ३६-३८ अंश भरतात आणि चांगलं यीस्टही रडत वाढतं. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर नसेल तर प्रयोग डिसेंबर-जानेवारीत लावा.

साखर, म्हणजे गॅलॅक्टोज, दोन टक्के, पण वेगळी ऑटोक्लेव्ह करून किंवा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घाला. माध्यमाबरोबर तापवली की ते तपकिरी होतं. स्वस्त गॅलॅक्टोजमध्ये ग्लुकोजचा अंश असतो. तेवढ्यावरही रिकाम्या प्लास्मिडची पेशी पुसट वाढते आणि विद्यार्थी त्यालाच 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळे होतात. बाटलीवर ग्लुकोज ०.०१ टक्क्याहून कमी असल्याचं पाहूनच घ्या.

सगळ्यात सुरेख भाग गॅल-७ च्या स्लँटचा. गॅल-१ नसलेली पेशी गॅलॅक्टोजवर नुसती उपाशी राहते. ग्लिसरॉल दिलं तर वाढते. गॅल-७ नसलेलीत मात्र गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट साचून विषबाधा होते, म्हणून ग्लिसरॉल असूनही गॅलॅक्टोज पडलं की वाढ थांबते. शेजारी जीएएलटी घातलेला ठिपका पांढरा भरतो, क्यू१८८आरचा कोराच राहतो. गॅलॅक्टोसेमियाचं (जीएएलटी बिघडल्याने होणाऱ्या आजाराचं) बाळ दुधाने का आजारी पडतं, हे या एका प्लेटवर दिसतं.

याच प्लेटवर फसगतही होते. आठवडाभर ठेवली तर क्यू१८८आरच्या ठिपक्यातही मोजक्या टपोऱ्या कॉलन्या उगवतात. बहुतेक वेळा त्यात गॅल-१ बिघडलेलं असतं, म्हणजे विष तयारच होत नाही. त्यांना निव्वळ गॅलॅक्टोजवर लावा, वाढणार नाहीत. तरीही निव्वळ गॅलॅक्टोजवर ज्या कॉलन्या येतील, त्यांना लिटरला एक ग्रॅम ५-एफओए (प्लास्मिड बाळगणाऱ्या पेशी मारणारं रसायन) आणि ५० मिलिग्रॅम युरॅसिल असलेल्या प्लेटवर प्लास्मिड गमवायला लावा. त्यानंतरही गॅलॅक्टोजवर वाढ झाली, तर श्रेय माणसाच्या जनुकाचं नाही. ५-एफओए किटमध्ये नाही, महागही आहे. आणि ते माध्यम ६० अंशांखाली आल्यावरच घालायचं.

पुस्तिकेतलं 'कॉलनी आली म्हणजे जनुक सापडलं' हे वाक्य खोडून टाका. १९९२ मध्ये याच पद्धतीने, गॅल-१ नसलेल्या यीस्टमधून, १५व्या गुणसूत्रावरचं जीएएलके-२ मिळालं आणि गॅलॅक्टोकायनेज (गॅलॅक्टोजला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) म्हणून नोंदलं गेलं. पुढे त्याचं खरं काम एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसमाइन या वेगळ्या साखरेवर चालतं, असं निघालं. गॅलॅक्टोज फार जास्त असेल तेव्हाच ते त्याला हात लावतं. मुख्य गॅलॅक्टोकायनेज जीएएलके-१, १७व्या गुणसूत्रावरचं, १९९५ मध्ये हाती लागलं. किटमध्ये दोन्ही आहेत, तर दोन टक्क्यांबरोबर ०.१ टक्का गॅलॅक्टोजचीही प्लेट ओता आणि वाढ शेजारीशेजारी ताडून पाहा. पुस्तिका हे सुचवत नाही, म्हणून एक तारा कमी.

रेप्लिका प्लेटिंगला (एका प्लेटवरच्या कॉलन्यांचा ठसा दुसरीवर उमटवायला) मखमलीचे दोनच तुकडे येतात. सुती मखमल इथल्या कापडबाजारात घ्या आणि १५ सेंटिमीटरचे चौकोन कापून, धुऊन ऑटोक्लेव्ह करा. सिंथेटिक नको, ते पेशी नीट उचलत नाही.