मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट: ‘काम किती झालं?’ याला आकड्यात उत्तर

मी एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात आहे. नवी कोअर बँकिंग प्रणाली (सगळ्या शाखांची खाती एकाच ठिकाणी चालवणारं सॉफ्टवेअर) बाहेरची कंपनी बसवतेय, तिच्या कामावर लक्ष ठेवणं माझ्याकडे. संचालक मंडळ दर बैठकीत विचारतं, काम किती झालं? त्यासाठी मी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे कामाचं वेळापत्रक आखण्याचं सॉफ्टवेअर वापरते, मुख्यतः त्यातल्या अर्न्ड व्हॅल्यूसाठी, म्हणजे झालेल्या कामाचं मोल ठरलेल्या प्लॅनशी ताडून बघण्यासाठी.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बेसलाइन, ठरलेल्या प्लॅनची जपून ठेवलेली नोंद. एका प्लॅनच्या ११ बेसलाइन ठेवता येतात. तारखा कितीही पुढे सरकल्या तरी पहिल्यांदा कबूल केलेलं वेळापत्रक शाबूत राहतं.

मात्र एक सेटिंग आधी बदलाच. मुळात हे सॉफ्टवेअर टक्केवारी दिवसांवर काढतं. समजा, २० शाखांचा डेटा हलवायचाय आणि निम्मे दिवस काम झालंय. लगेच ५० टक्के दिसतात, एसपीआय (झालेलं काम भागिले आतापर्यंत व्हायला हवं होतं ते काम) १, सगळं वेळेवर! पण डेटा टाकला म्हणून शाखा पूर्ण होत नाही. जुन्या आणि नव्या सिस्टिमची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) पैशापर्यंत जुळावी लागते. अशा शाखा सहाच असतील तर काम ३० टक्के आणि एसपीआय ०.६. हा खरा आकडा हवा असेल तर ‘फिजिकल पर्सेंट कम्प्लीट’ (दिवसांऐवजी प्रत्यक्ष झालेल्या कामाचे टक्के) ही पद्धत निवडा आणि टक्के स्वतः भरा. ऑप्शन्समधला बदल फक्त नव्या टास्कना लागतो, आधीच्या टास्क निवडून त्यांची पद्धत वेगळी बदलावी लागते. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

स्टेटस डेट, म्हणजे कोणत्या दिवसापर्यंतचं काम मोजायचं ती तारीखही टाका. नाहीतर आजची तारीख धरली जाते. व्हेंडरची माहिती शुक्रवारची आणि हिशेब सोमवारचा झाला की एसपीआय विनाकारण पडतो.

ठरावीक रकमेच्या करारात सीपीआयचा (झालेल्या कामाचं मोल भागिले त्यावर झालेला खर्च) आम्हाला फारसा उपयोग नाही, कारण कंपनीचा आतला खर्च आपल्याला कळत नाही. एसपीआयचीही मर्यादा आहे, ती सूत्राचीच: प्रकल्प वर्षभर रखडला तरी काम संपताना तो १ वरच येतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात मी माइलस्टोनच्या, म्हणजे महत्त्वाच्या टप्प्यांच्या तारखा बघते.

परवाना नेहमीच्या ऑफिसबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. मॅकसाठी डेस्कटॉप आवृत्ती नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. घेणार असाल तर ‘शाखा पूर्ण’ कशाला म्हणायचं ते व्हेंडरकडून करारातच लिहून घ्या, टक्के भरताना तेच लागतं.