अंदमानच्या फिशिंग ट्रिपमध्ये ७२,१०० रुपयांना गंडलो

लिहायची लाज वाटते, पण मेहुणा म्हणाला लिही, निदान पुढचा तरी वाचेल. मी काही काल गळ हातात धरलेला माणूस नाही, रेवदंड्याला खडकावर जिताड्यासाठी पंधरा वर्षं रात्री जागवल्यात. जीटी (जायंट ट्रेव्हली, खोल समुद्रातला दांडगा मासा) मात्र एकदा लावायचाच होता, म्हणून मार्चमध्ये अंदमान, चार दिवस, आम्ही दोघं, टॅकल (रॉड, रील, दोरी, गळ) आपापलं.

ट्रिपवाल्याचा कोट १,१२,०००. "अपना टॅकल लाओगे तो पंधरा परसेंट कम", म्हणजे ९५,२००. इथंच विरघळलो. कारण त्याने विचारलं ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, किती जाडीची, म्हटलं पीई ८, तर म्हणतो लीडर (गळाजवळचा दोरीचा तुकडा) जाड आणा, कोरलला घासून तुटतो, पॉपरचे (पाण्यावर उडवायचं खोटं आमिष) ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ, काढून सिंगल हुक लावा, मासा सोडायला बरं. सगळं बरोबर! चोराला एवढं कुठून येणार? (यूट्यूबवरून येतं, आता कळलं.) ॲडव्हान्स ४७,६०० पाठवले, खातं कुठल्या बाईच्या नावावर, "वाइफ का है". आपल्याकडे होमस्टेवालेही बायकोचाच नंबर देतात की, मग संशय काय घेणार? तुम्ही मात्र घ्या.

आणि तो फोटो. "कल का कॅच" म्हणून पाठवलेला, झूम केला, मासा नाही, रील बघायला, खोडच ती. रीलवर शिमॅनो कंपनीची अक्षरं उलटी. आरशात दिसतात तशी. हँडल उजवीकडे. मी बघितलं आणि स्वतःचीच समजूत घातली, सेल्फी कॅमेरा असेल, डावखुरा असेल. चोरलेला फोटो पलटवतात म्हणजे सर्चमध्ये पटकन सापडत नाही, हे मला माहीत होतं हो!! तरी वर रॉडच्या "परमिट"चे ६,५०० आणि निघायच्या दोन दिवस आधी डिझेलचे १८,००० दिले. रॉडच्या लांब नळीचे विमानाला ४,८०० वेगळे, ते धरतच नाही.

जंगलीघाटच्या जेट्टीवर पाचला बोलावलेलं. साडेपाचला लख्ख उजाडलं, मासळी उतरायला लागली, आम्ही दोघं टोप्या घालून नळ्या खांद्यावर. त्याचा फोन बंद. एका तेलुगू होडीवाल्याने फोटो बघून नुसती मान हलवली, चहा पाजला.

तिथले पोलीस म्हणाले पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे द्या. इथले म्हणाले घटना अंदमानात, तिकडे द्या. झीरो एफआयआर (घटना कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवतात तो) म्हटलं तर साहेब म्हणे "मासे धरायला बहात्तर हजार? बाजारात पापलेट मिळत नाही का?" तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी वेगळा हवालदार, प्रत्येकाला जीटी म्हणजे काय ते पहिल्यापासून. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, मग फसवणूक कशी? अरे, पिन मीच टाकणार ना, त्यालाच तर फसवणूक म्हणतात! १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मात्र पहिल्या तासात फोन करा, मी लाजेपायी दोन दिवस घालवले, तोवर खातं रिकामं.

बोटीचा व्हिडिओ कॉल मागा, जेट्टीवरूनच, त्याच वेळी. डिझेल आधी कोणी मागत असेल तर सोडा तिथेच.

परवा मेहुण्याने दुसऱ्या नंबरवरून गिऱ्हाईक बनून मेसेज टाकला. आता लक्षद्वीपची ट्रिप आहे, टॅकल आपलं आणलं तर वीस टक्के कमी. फोटो तोच, अक्षरं अजून उलटीच.