टिलवे-तुतवार (चिखलात खाणं टिपणारे छोटे पाणपक्षी) बघायला जायकवाडी की शिवडी?

संभाजीनगरहून जायकवाडी धरणाचं पैठण पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन दुपारी परत. मुंबईतल्या शिवडीला रात्रभराचा प्रवास.

खरा फरक चिखलाचा. शिवडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा चिखल झाकते-उघडते. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर पांगून ठिपके होतात, म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचा. वेळापत्रक न बघता गेलात की नुसतं पाणी!

नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, घड्याळ नाही, पातळी महिनोन्‌महिने उतरते. धरण भरलेलं असेल तर ऑक्टोबरात काठावर चिखलच नसतो, जानेवारी-फेब्रुवारीत उघडतो. मात्र गाळपेरा (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) झाला की तीच जागा हरभऱ्याखाली जाते.

शेकाटे, टिलवे, तुतवार ओळखायला शिकायचं तर जायकवाडी. कोरल (लांब, खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी) हवा असेल तर शिवडीच.