मेलबर्न, शिकाऊ परवाना आणि इंटरसेप्टर ६५० : एका पंक्चरनंतर लिहिलेला अनुभव

ही गाडी घेऊन वर्ष उलटून गेले तरी तिच्याविषयी लिहायचे मी टाळत होतो, कारण तक्रार करण्यासारखे काही हाती लागत नव्हते आणि निव्वळ कौतुक लिहिण्याची मला सवय नाही. मध्यंतरी लाव्हर्स हिल या गावाच्या अलीकडे मागच्या चाकात खिळा घुसला आणि ती अडचण दूर झाली. रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० च्या इंजिनाबद्दल आणि दिसण्याबद्दल वाचकांनी भरपूर वाचलेले असेल असे मी धरून चालतो. व्हिक्टोरिया राज्यात नव्या परवान्यावर पहिली गाडी म्हणून ती कितपत योग्य ठरते, आणि तिच्या चाकातली ट्यूब, एवढ्या दोनच गोष्टींविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

पुण्यात मी कॉलेजपासून मोटरसायकल चालवत होतो. शेवटची काही वर्षे पल्सर १५० होती. इकडे आल्यावर मोटारीचा परवाना काढला, दुचाकीकडे दुर्लक्ष झाले, आणि भारतातल्या परवान्याची मुदत कधी संपली ते कळलेही नाही. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागली: आधी मैदानावरचे प्रशिक्षण, मग प्रशिक्षकाबरोबर रस्त्यावरची फेरी, पाठीवर चकचकीत पिवळे जाकीट, गाडीमागे ‘एल’ची पाटी, मागे कोणाला बसवायचे नाही आणि सिग्नलला उभ्या मोटारींमधून पुढे सरकायचे नाही. शिकाऊ परवाना किमान तीन महिने हातात असल्याशिवाय पुढची परीक्षा देता येत नाही, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरही आणखी तीन वर्षे फक्त लॅम्सच्या, म्हणजे नवशिक्यांसाठी मंजूर मोटरसायकलींच्या, यादीतली गाडी चालवायची. वय किंवा मोटार चालवण्याचा अनुभव यांची त्यात काहीही सवलत नाही. वीस वर्षांच्या मुलांबरोबर प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी वळवून दाखवताना मला हा नियम सरळसरळ अपमानास्पद वाटला होता. आज तसे वाटत नाही, पण त्याविषयी पुढे.

लॅम्सचा हिशेब बहुतेक जण ‘६६० सीसीपर्यंत’ एवढाच लक्षात ठेवतात. खरी मर्यादा दुहेरी आहे. इंजिन ६६० सीसीच्या आत हवे, आणि शक्तीचे वजनाशी असलेले प्रमाण टनामागे १५० किलोवॅटच्या आत हवे, ज्यात गाडीच्या वजनात चालकाचे म्हणून ९० किलो धरलेले असतात. इंटरसेप्टरची शक्ती सुमारे ३५ किलोवॅट, म्हणजे आपल्या भाषेत ४७ बीएचपी. गाडी आणि चालक मिळून तीनशे किलोच्या आसपास. म्हणजे टनामागे साधारण ११७. गंमत अशी की जुनी, ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक, जिला कोणीही ‘छोटी गाडी’ म्हणेल, ती वजनाने हलकी आणि ३२ किलोवॅटची असल्यामुळे या हिशेबात सव्वाशेच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या अधिक जवळ जाते. तेव्हा सीसीवरून गाडी सौम्य की तिखट हे ठरवणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

यादीत तीन प्रकारच्या गाड्या सापडतात. पहिला प्रकार, मुळातच मर्यादेत बसणाऱ्या लहान गाड्यांचा. त्यात वरची ३९० ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड ४०० येतात, आणि या दोन्ही आपल्या चाकणला बनतात, ही गोष्ट पुणेकर माणसाच्या निर्णयात नको तितकी लुडबुड करते. दुसरा प्रकार, मूळच्या दांडग्या पण परवान्यासाठी गळा आवळलेल्या गाड्यांचा. यामाहाने तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी एमटी-०७ चे ६८९ सीसीचे इंजिन ६५५ सीसीचे करून स्वतंत्र आवृत्तीच काढली. तिसरा प्रकार इंटरसेप्टरसारख्या गाड्यांचा: इंजिन मोठे, वजन भरपूर, शक्ती मात्र जन्मतःच बेताची, त्यामुळे काही आवळण्याची गरज नाही आणि पुढे काही सोडवण्यासारखेही नाही.

माझा निर्णय पैशावर झाला, हे स्पष्ट सांगतो. लॅम्सची गाडी तीन वर्षांनी विकायची आणि मोठी घ्यायची, असा इथला सर्वसाधारण क्रम आहे, आणि त्या प्रत्येक व्यवहारात रोडवर्दी प्रमाणपत्राचा (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याच्या दाखल्याचा) खर्च, नोंदणी बदलण्याचा खर्च आणि घसरलेली किंमत असा तिहेरी फटका बसतो. जी गाडी निर्बंध उठल्यावरही ठेवावीशी वाटेल तीच आधी घ्यावी, म्हणजे हा सगळा खर्च वाचेल, असे मी ठरवले आणि एका गृहस्थाकडून तारेच्या चाकांची, फारशी न चाललेली इंटरसेप्टर घेतली. याविरुद्ध एक मुद्दा आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. व्हिक्टोरियात मोटरसायकलच्या रेगोमध्ये, म्हणजे नोंदणी शुल्कात, अपघात विम्याचा जो टीएसी या सरकारी संस्थेचा हिस्सा असतो तो इंजिनाच्या आकारानुसार बदलतो, आणि ५०० सीसी ही त्यातली एक पायरी आहे. म्हणजे ४०० सीसीच्या गाडीपेक्षा ६४८ सीसीची इंटरसेप्टर दरवर्षी जास्त पैसे मागते, रस्त्यावर आणली काय किंवा नुसती गॅरेजमध्ये ठेवली काय. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना लागणारा मोटरसायकल सुरक्षा अधिभार वेगळाच. भरपाई म्हणून सिटीलिंकवर मोटरसायकलला टोल नाही, आणि मेलबर्नमध्ये पादचाऱ्यांना अडथळा होणार नाही अशा बेताने फुटपाथवर गाडी फुकट लावता येते. शहरात कामाला जाणाऱ्याने पार्किंगचे दर एकदा पाहावेत. त्या पायरीचा जादा खर्च सहज भरून निघतो.

आता चालवण्याविषयी थोडक्यात. पल्सरवरून आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे हिचे दोनशे किलोंहून अधिक वजन फक्त जाणवत राहते, विशेषतः उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना. गाडी एकदा हलली की ते विसरायला होते. दोन सिलिंडरचे हे इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनाच आपला बहुतेक जोर देऊन मोकळे होते, त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये वस्तीतून चाळीसने जाता येते आणि तिथूनच विनातक्रार वेगही घेता येतो. मोनॅश फ्रीवेवर शंभरच्या वेगात इंजिन शांत असते. छातीवरचा वारा मात्र शांत नसतो. पेट्रोल लिटरला पंचवीस किलोमीटरच्या आसपास पडते. ब्रेक पुरेसे आहेत. सीट दीड तासानंतर बोलू लागते.

शक्तीच्या मर्यादेबद्दलचे माझे मत इथेच बदलले, आणि ते नियमाचे पत्रक वाचून नव्हे तर हील्सव्हिल ते नार्बेथाँगच्या ब्लॅक स्परवर बदलले. उंचच उंच निलगिरीच्या झाडांमधला तो ओला, वळणांचा रस्ता आहे. सालींचे तुकडे डांबरावर पडलेले असतात आणि समोरून ट्रक येतात. अशा ठिकाणी ४७ बीएचपीपेक्षा अधिक शक्ती घेऊन मी काय केले असते, याचे प्रामाणिक उत्तर ‘जास्त वेळा ब्रेक लावले असते’ असे आहे. पुण्यातला पंधरा वर्षांचा अनुभव गर्दीतला आहे, ऐंशी किलोमीटर वेगाच्या वळणांचा नाही, आणि या दोन विद्या वेगळ्या आहेत. तीन वर्षांची मुदत मला अजूनही जास्त वाटते. मर्यादा जास्त वाटत नाही.

आता ट्यूब. साध्या तारेच्या चाकात प्रत्येक तार रिममध्ये छिद्र पाडून आत येते आणि त्या छिद्रांतून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब लागते. यात कारखान्याचा दोष काढण्याचे कारण नाही. अशी तारेची चाके म्हटली की हे आलेच, आणि २०२३ पासून याच गाडीचे काही रंग अलॉय चाकांत आणि ट्यूबलेस टायरमध्ये मिळतातही. फरक खिळा घुसल्यावर कळतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा बसला तर हवा हळूहळू जाते, आणि खिशातल्या किटमधली दोरी भोकात खुपसून दहा मिनिटांत पुढे निघता येते. ट्यूब फुटली की तारांच्या छिद्रांतून सगळी हवा क्षणात बाहेर. माझे मागचे चाक एका सौम्य वळणाच्या शेवटी लोण्यासारखे मऊ झाले आणि गाडी स्वतःच्या मनाने डावीकडे निघाली. गाडी न पडता कडेला उभी राहिली, एवढेच.

रस्त्यावरील मदतीची सेवा माझ्याकडे होती. नाव लिहीत नाही, पण पैसे दरवर्षी वेळेवर घेतात. मोबाइलला रेंज मिळेपर्यंत चालत गेलो आणि फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत नम्रपणे सांगितले की टायर पंक्चर झाल्यास आमचा माणूस येऊन आपले सुटे चाक बसवून देईल. मी म्हटले, मोटरसायकलला सुटे चाक नसते. त्यांनी नियमावली पाहिली आणि म्हणाल्या की सुटे चाक नसल्यास वाहन उचलून नेण्याची सोय आहे, मात्र ठरावीक अंतरापर्यंतच. त्या अंतरात गायरान होते, झाडी होती आणि रविवारी बंद असलेला एक पेट्रोल पंप होता. उरलेल्या किलोमीटरचे पैसे माझे. कोलॅक या गावापर्यंत गाडी आली तेव्हा अंधार पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या टायरवाल्याने ट्यूबला ठिगळ लावायला साफ नकार दिला. नवी ट्यूब घालणार, तीही मागवून. टो, ट्यूब, मजुरी आणि रात्रीचा मुक्काम मिळून झालेल्या बिलात पुण्यात दोन नवे टायर आले असते. आपल्याकडे कुठल्याही हमरस्त्यावर टायर टांगलेली टपरी दिसते, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधतात, सोल्यूशन, ठिगळ, संपले. ती टपरी ही किती मोठी सार्वजनिक सोय आहे, हे कोलॅकच्या मोटेलमध्ये नीट समजते.

परत आल्यावर कोथरूडच्या आमच्या जुन्या मेकॅनिक काकांना फोन केला. ते म्हणाले, “साहेब, ट्यूब काढायला माणूस कशाला लागतो? दोन लिव्हर घ्या, साबणाचं पाणी घ्या, आणि ट्यूब आत घालायच्या आधी तिच्यात जराशी हवा भरा, म्हणजे चिमटणार नाही.” हे शेवटचे वाक्यच सगळ्यात मोलाचे निघाले. या गाडीला डबल स्टँड आहे, ही बाब मी खरेदीच्या वेळी यादीत शेवटी लिहिली होती. आता ती पहिली असती. डबल स्टँडवर मागचे चाक अधांतरी राहते, आस काढून चाक मागे ओढता येते. टायरची कड रिमच्या खोलगट मधल्या भागात दाबून ठेवली की समोरच्या बाजूला लिव्हर जवळजवळ जोर न लावता आत जाते. ती कड तिथून वर सरकली की मात्र दोन माणसांचे बळही पुरत नाही. ट्यूबला पावडर चोळली, हवेने ती जेमतेम गोल होईपर्यंत भरली, व्हॉल्व्ह छिद्रातून बाहेर काढून त्याची चकती दोन आटे फिरवून सैल ठेवली, आणि शेवटची वीतभर कड हातानेच बसवली, कारण ट्यूब चिमटते ती नेमकी तिथे लिव्हर घातल्यावर. गॅरेजच्या फरशीवर हे करायला पहिल्यांदा अख्खी दुपार गेली. आमच्या सौभाग्यवतींनी दारातून पाहून, हेच करायचे होते तर ऑस्ट्रेलियाला कशाला आलो, असे विचारले. प्रश्न रास्त होता.

तेव्हापासून सीटमागच्या पिशवीत पुढच्या आणि मागच्या चाकांना चालेल अशी एक ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप आणि आसेच्या नटाचा पाना असतो. दोन्ही चाके अठरा इंची असल्यामुळे निकडीला एकच ट्यूब दोन्हीकडे भागवता येते, हे या गाडीचे आणखी एक न गाजलेले वैशिष्ट्य. रस्त्याकडेच्या मदतीचे सदस्यत्व मोटारीपुरते ठेवले आहे.

अलॉय चाकांची जोडी बसवावी का, याची चौकशी केली. मिळालेली किंमत ऐकून तो विषय मिटवला. शिवाय विमा कंपनीला बदल कळवणे आले. रिमच्या आतून छिद्रे बंद करून तारेचे चाक ट्यूबलेस करून देणारे लोकही आहेत, पण माझ्या गाडीच्या रिमवर टायरची कड रोखून धरणारा उंचवटा पुरेसा नसेल, तर हवा गेल्यावर टायर रिमवरून सुटण्याची भीती उरते, आणि ते नीट तपासून दिल्याशिवाय मी त्या वाटेला जाणार नाही.

लॅम्सवर पहिली गाडी शोधणारे आणि मुख्यतः शहरात चालवणारे वाचक विचारतील तर मी त्यांना ४०० सीसीची, ट्यूबलेस टायरची गाडी घ्या असेच सांगेन; रेगो कमी, वजन कमी, पंक्चरची कटकट कमी. ज्यांना लांबचे रस्ते करायचे आहेत, तीन वर्षांनी गाडी बदलायची नाही आणि घरी पाना हातात घ्यायची तयारी आहे, त्यांनी इंटरसेप्टर जरूर पाहावी. हिचे टॅपेटसुद्धा (व्हॉल्व्हची फट जुळवण्याची सोय) साध्या स्क्रू-नटचे आहेत, फट मोजायची पट्टी (फीलर गेज) असेल तर सर्व्हिसिंगचा तोही खर्च वाचतो. अलॉय चाकांची मिळत असेल आणि भावात फार फरक नसेल, तर तीच घ्या. मी माझी विकायला काढलेली नाही. मागचा टायर येत्या हिवाळ्यापर्यंत झिजेल, आणि तो बदलताना नवी ट्यूबही घालणार आहे, कारण ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून पुन्हा फुटते, असे काकांनी बजावले आहे.